चौतीस नंबरचा बिल्ला

डोळ्याच्या दवाखान्यात आकड्यांचा बोर्ड लावायची अक्कल कोणाची, ते मले आजवर समजलं नाही. ज्याले दिसत नाही तोच तं तिथं येते! पण कमिटीतल्या कोणीतरी मुंबईच्या एका बँकेत असा बोर्ड पाहिला होता म्हणे, अन् मंग आपल्या धर्मादाय दवाखान्यातही पाहिजेच, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. आमच्या वर्कशॉपचे मालक मधुसूदनजी कोणत्याच कामाले नाही म्हणणाऱ्यातले नव्हते. ते म्हणाले, "आकडे हातभर उंच करू. कमी दिसणाऱ्यालाही निदान उजेड कळेल."

अन् ते काम आलं माझ्या अंगावर. मी कौसल्या. आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचं काम शिकलेली, अन् नागपुरात बर्डीवरच्या त्या वर्कशॉपात चार मेकॅनिकांमध्ये एकटी बाई. सायकलच्या कॅरिअरवर सोल्डरिंगची पेटी बांधून निघाली का चौकातले पोट्टे ओरडत, "ओ मेकॅनिकबाई, आमचा ट्रान्झिस्टर लय खरखर करते, पाहून द्या न!" मी म्हणत होती, "आण, पहिले तुझंच तोंड बंद करून देते." शहाऐंशी सालची गोष्ट आहे ही, मे महिन्यातली.

बोर्ड म्हणजे काय, तं एक मोठी लाकडी पेटी. त्यात दोन आकड्यांची जागा. एकेक आकडा सात दांड्यांचा, एकेका दांडीमागं चार-चार बारके बल्ब, अन् समोर लाल काच. डॉक्टरच्या टेबलावर एक बटण. त्यानं बटण दाबलं का व्हरांड्यातल्या बोर्डावर आकडा एकानं वाढणार अन् घंटी वाजणार. सकाळी साडेसातपासून सिस्टर खिडकीतून पितळेचे बिल्ले वाटे, आकडा ठोकलेले. पहिला आला त्याले एक, दुसरा आला त्याले दोन. बस. नाव नाही, गाव नाही, काही नाही.

आता खरं सांगते. त्या बोर्डासाठी मी जी हात धुऊन मागं लागली होती, ती मधुसूदनजींसाठी नाही अन् कमिटीसाठी तं नाहीच नाही. ते होतं माझ्या आईसाठी.

एकाहत्तर साली माझी आई, अंजनाबाई, याच व्हरांड्यात बसली होती. मी बारा वर्षांची, तिच्या बाजूले. तेव्हा बोर्ड नव्हता, चपराशी होता. नत्थूजी त्याचं नाव. हातात यादी घेऊन दारात उभा राहे अन् नावं पुकारे. नाव लिहून घेताना विचारे, "राहणं कुठं?" आई म्हणे, "इंदोरा." झालं! इंदोरा म्हटलं का आम्हा बौद्धांची वस्ती, माणसं कोणती ते त्याले समजे, अन् नाव यादीच्या तळाशी जाई. मंग कोणी चिठ्ठी घेऊन येई, कोणी कमिटीच्या ओळखीचा येई, ते सगळे वर. बारा वाजले का डॉक्टर उठे. "उद्या या, बाई." असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी डॉक्टरच उठता उठता थांबला, त्यानं आईचा डोळा पाहिला अन् म्हणाला, "बाई, फार उशीर केला तुम्ही. काचबिंदू आहे. हा डोळा गेला."

उशीर केला! आईनं! मी लहान होती, पण मले तेव्हाही कोणाचं तरी डोकं फोडावं वाटलं होतं.  घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "त्या दारात मी आता आपलं नाव ऐकाले बसणार नाही."

अन् या वर्षी तिचा दुसरा डोळा बिघडला. दिव्याभोवती रंगाचं कडं दिसते म्हणे, उंबऱ्यावर ठेच लागे, तांदळातला खडा सापडत नव्हता. मी म्हटलं मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात जाऊ. म्हणे, तिथंही नावच विचारतात. रागावून पाहिलं, रडून पाहिलं, काही फरक नाही. मंग एक दिवस मी तिले बोर्डाचं सांगितलं.

"नाव नाही विचारत?" आई म्हणाली.

"नाही."

"राहणं?"

"नाही वं आई. फक्त नंबर."

 "चालू दे तुझा बोर्ड महिनाभर," ती म्हणाली. "चालला तं येईन मी."

म्हणून सांगते, तो बोर्ड चालणं म्हणजे माझ्या आईचा डोळा राहणं होतं. बाकी कोणाले काय वाटे ते वाटो.

बोर्ड लावाले गेली तं दारात स्टुलावर कोण बसलेला? तोच नत्थूजी. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती, पण खाकी शर्ट तोच. मी त्याले पटकन ओळखलं. त्यानं मले कायले ओळखावं? बोर्डासाठी जी भिंत पाहिली तिच्याखाली पाण्याचा मोठा रांजण होता. लोक पाणी पिऊन हात झटकत, गिलास तिथंच विसळत. मी नत्थूजीले हुकूम सोडल्यासारखं म्हटलं, "हे मडकं इथून हटवा. बोर्डाले पाणी लागते."  त्यानं रांजण गोल फिरवत फिरवत व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाले, निंबाखाली नेऊन ठेवला. खरं सांगू, मले बरं वाटलं होतं त्याच्याकडून काम करून घेताना.

पहिले पंधरा दिवस बोर्ड असा चालला का काय सांगू. अठरानंतर एकोणीस, एकोणीसनंतर वीस. चिठ्ठीवाले यायचे अन् बोर्डाकडं पाहून परत खिडकीत बिल्ला घ्याले जायचे. मी रोज घरी येऊन आईले सांगे. तिसऱ्या आठवड्यात मात्र घात झाला. मंगळवारी सिस्टरचा वर्कशॉपात फोन, "बोर्ड आकडे गाळून राहिला."

मी सायकल दामटत गेली. एक बटण दाबलं अन् दोन-तीन आकडे पुढं गेले, असं होत असलं तं पहिला संशय बटणावर. आतली पत्ती थरथरली का एका दाबाचे दोन दाब होतात. मी बटणच बदललं. दवाखाना सुटल्यावर एकपासून नव्याण्णवपर्यंत तीनदा चालवून पाहिलं. एकही आकडा हुकला नाही. खुशीत घरी गेली.

बुधवारी सकाळी दहा वाजता माझ्या डोळ्यांसमोर सतरानंतर एकदम वीस आला.

अठरा नंबर होता देवाजी म्हाताऱ्याजवळ. कन्हानहून पहिल्या बसनं आलेला. तो उठून उभा झाला अन् ओरडला, "अठरा कुठं गेला बे? आता तं मी धोतर सावरून राहिलो होतो!" वीस नंबरवाली बाई म्हणे माझाच नंबर आहे, मी जाते. एकोणीसवाला तिच्या आडवा. असा गोंधळ झाला का डॉक्टर बाहेर आला. दारात नत्थूजी बसलेला होता, बटणाची वायर त्याच्या स्टुलामागूनच भिंतीवर चढत होती. तो म्हणाला, "मशीनले घाई झाली वाटते."

माझं डोकंच फिरलं. साठ माणसांसमोर मी त्याले म्हटलं, "वायरले हात कोण लावते, नत्थूजी? बोर्ड गेला तं फायदा कोणाचा होते, ते मले समजत नाही काय?"

 नत्थूजी उठला. त्यानं आपला स्टूल उचलला, वायरपासून चांगला दहा पावलं दूर नेला अन् तिथं बसला. "घ्या," तो म्हणाला. "आता पाहा."

अर्ध्याच तासात बोर्ड सव्वीसवरून एकोणतीसवर गेला. वायरजवळ चिटपाखरू नव्हतं. माफी मागावी एवढं समजत होतं मले, पण त्या माणसासमोर तोंड उघडेना.

तेवढ्यात कमिटीचे सेक्रेटरी कृष्णकांतजी आले. पांढरीशुभ्र सफारी, हातात चाव्यांचा जुडगा. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाले, "शनिवारी मी स्वतः इथे खुर्ची टाकून बसेन. एक आकडा जरी गळला, तर सोमवारी बोर्ड उतरवून घेऊन जा. नत्थू पूर्वीसारखी नावं पुकारेल."

त्या रात्री आईनं विचारलं, "चालते न वं बोर्ड?" मी म्हटलं, "चालते." दुसरं काय सांगू?

गुरुवारी मी वही घेतली अन् डॉक्टरच्या टेबलाजवळ जमिनीवर फतकल मारून बसली. ठरवलं होतं का आता अंदाज नाही, डोळ्यांनी पाहीन अन् लिहीन. आठ ते दहा, एकही आकडा गळला नाही. दहा वाजून दहा मिनिटं, नत्थूजीनं खिडकीतला कूलर सुरू केला, अन् आकडा दोननं पुढं. मी लिहिलं. दहा चाळीस, टाकीतलं पाणी संपलं म्हणून त्यानं पंप बंद केला, एकनं पुढं. लिहिलं. पाणी भरून पंप पुन्हा सुरू, दोननं पुढं! मंग उजेड पडला का मंगळवारी दुपारी सगळं ठीक काहून चाललं होतं. दवाखाना सुटला म्हणून कूलर बंद होता.

मी डॉक्टरले म्हटलं, अर्धा तास कूलर बंद ठेवा. नवतपा लागलेला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, बाहेर छेचाळीस डिग्री. बिचाऱ्यानं ठेवला. त्या अर्ध्या तासात सहा पेशंट झाले, आकडा एकही नाही हुकला. पण डॉक्टर घामानं निथळून राहिला होता. तो म्हणाला, "बाई, आता माझ्याच घामाचा थेंब पेशंटच्या डोळ्यात पडेल. पुरे करा." खरंच होतं ते. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद ठेवा म्हणणाऱ्याले लोक पागलच म्हणतील.

अन् कूलर काही नवीन नव्हता. बोर्ड लागला तेव्हापासून सुरूच होता, पंधरा दिवस त्यानं काही त्रास दिला नाही. मंग या आठवड्यात काय बदललं? मी हेच मधुसूदनजींना विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला अन् एवढंच म्हणाले, "अर्थिंग पुन्हा पाहिलंस का?"

अर्थिंग म्हणजे अशी गोष्ट आहे, का मोटर सुरू-बंद होताना वायरीत एक झटका मारते. तो झटका अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जाले पाहिजे. जमिनीनं नाही घेतला तं तो जिथं जागा मिळन तिथं घुसते. माझ्या बोर्डात घुसत असला, तं बोर्डाले वाटणार का डॉक्टरनं बटण दाबलं. पहिल्या दिवशी मी तपासलं होतं. शंभर वॅटचा बल्ब एका बाजूनं लाइनले अन् दुसऱ्या बाजूनं अर्थिंगले लावला, अन् तो लख्ख पेटला होता. शुक्रवारी दवाखाना सुटल्यावर तोच बल्ब लावला. आतली तार नुसती लाल झाली, विझत्या विडीसारखी.

म्हणजे अर्थिंग मेलं होतं. आता त्याचा खड्डा कुठं? सिस्टर म्हणे मले नाही माहीत. कृष्णकांतजी फोनवर म्हणाले वायरमनला विचारा, अन् तो वायरमन गाव सोडून गेल्याले दहा वर्षं झालेली. वायर भिंतीत गडप होत होती. मी माळ्याची सब्बल आणली अन् भिंतीच्या बाहेरून खोदाले लागली. भर दुपारचे एक वाजले होते. पहिला खड्डा, काही नाही. दुसरा, विटांचे तुकडे. तिसऱ्याले हाताले फोड आले अन् फुटलेही. मले थांबायचंच नव्हतं. सगळा दवाखाना खोदून काढला असता मी त्या दिवशी.

नत्थूजी व्हरांड्याच्या सावलीत बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून राहिला होता. दोन दिवसांत पहिल्यांदा बोलला. "काय शोधून राहिल्या?"

"अर्थिंगचा खड्डा."

तो खर्रा घोटतच राहिला. त्याच्या चूप बसण्यातच मले समजलं. मी सब्बल टाकली. "तुम्हाले माहीत आहे, नत्थूजी."

"माझ्या माहितीचं काय काम? मी तं वायरीले हात लावणारा माणूस."

"ते मी चुकली," मी म्हटलं. "साठ लोकांसमोर बोलली, तं उद्या साठ लोकांसमोर सांगन का चुकली. पण आता एक ऐका. माझी आई एकाहत्तर साली इथं तीनदा बसली होती. तुम्ही विचारलं राहणं कुठं, तिनं सांगितलं इंदोरा, अन् तुम्ही तिचं नाव खाली टाकलं. तीनही वेळा. तिचा एक डोळा गेला. आता दुसरा चालला. ती म्हणते नावानं बोलावतील तं येणार नाही, नंबर असन तं येईन. उद्या बोर्ड हुकला तं ती या दारात पाय ठेवणार नाही, अन् मी तिले घरात बसून आंधळी होताना पाहीन. म्हणून खोदून राहिली. तुमची नोकरी घ्याले नाही."

त्यानं विचारलं, "नाव काय त्यांचं?"

"अंजनाबाई."

त्यानं खर्रा बाजूले ठेवला. मंग म्हणाला, "नाही आठवत, पोरी. दिवसाचे शंभर-शंभर नावं होते."

मले असा राग आला! आठवते म्हणाला असता तं मले बरं वाटलं असतं काय, ते माहीत नाही. पण नाही आठवत? आमच्या घरात त्या तीन दिवसांशिवाय पंधरा वर्षांत दुसरं काही आठवलं नाही, अन् या माणसाले ते नावही नाही आठवत!

"चिठ्ठ्या वरून येत," तो म्हणाला. "वस्ती पाहून नाव लाव, हेही वरूनच सांगितलेलं. पण लिहीत तं मीच होतो." तो गुडघ्यावर हात ठेवून उठला. "रांजण कुठं होता, ते आठवते काय?"

"बोर्डाखाली."

"मंग तीन खड्डे कायले खोदले?"

तो बोर्डाखाली गेला अन् पायऱ्यांजवळची एक फरशी त्यानं टाचेनं ठोकली. पोकळ वाजली. सब्बल लावून आम्ही दोघांनी ती उचलली. खाली खड्डा होता, मधोमध लोखंडी पाइप, त्याले तांब्याची तार. अन् माती कशी, तं पार भेगाळलेली, पाइपाभोवती बोट जाईल एवढी फट.

"पहिले इथं एक एक्स-रेवाला होता," नत्थूजी म्हणाला. "तो मले सांगून गेला, नत्थू, उन्हाळ्यात या फरशीवर रोज पाणी टाकत जा, नाही तं मशीन झटका मारते. एकोणीस वर्षं झाली. सकाळी रांजण धुतला का रात्रीचं शिळं पाणी मी इथंच ओतत होतो. दिवसभर लोकांचं सांडे ते वेगळं. मंग तुम्ही आल्या. म्हटलं, हे मडकं हटवा. हटवलं. आता शिळं पाणी निंबाले जाते."

मी कपाळावर हात मारून घेतला. चोर शोधत मी गावभर फिरली, अन् खड्डा सुकवला मीच! सुकी माती झटका घेते कुठं? त्या माणसाले दोन शब्द धड विचारले असते, तं काही झालंच नसतं.

"तुम्ही सांगितलं काहून नाही?" मी म्हटलं.

"तुम्ही विचारलं काय?" मंग म्हणाला, "अन् मले तरी कुठं ठाऊक, का तुमच्या बोर्डाचं दुखणं हेच आहे म्हणून? तुम्ही खड्डा म्हटलं तेव्हा समजलं."

मी समोरच्या चहावाल्याकडून कोळसा आणला अन् किराण्याच्या दुकानातून खडं मीठ. ओल धरून ठेवाले ते खड्ड्यात भरलं. नत्थूजी नळावरून बादल्या आणत होता. पहिल्या चार बादल्या मातीनं अशा गिळल्या का वर ओलसुद्धा दिसेना. बारा बादल्या झाल्या. तीन वाजता बल्ब लावला, पिवळसर पेटला. चार वाजता चांगला. पाच वाजता असा लख्ख पेटला का नत्थूजीनं डोळ्यांवर हात धरला. मंग मी त्याले म्हटलं, कूलर सुरू करा, बंद करा, सुरू करा, बंद करा. तीसदा केलं त्यानं. बोर्डावर सात होता, तो सातच राहिला. जाण्यापहिले आम्ही रांजण गडगडत जागेवर आणला, अन् बोर्डाच्या खालच्या अंगाले मी प्लॅस्टिकचा कागद ठोकला. ते मी पहिल्याच दिवशी कराले पाहिजे होतं.

घरी आईले सगळं सांगितलं. एकच नाही सांगितलं, का चपराशी तोच आहे. तिनं माझे हात चाचपून पाहिले, फोड हाताले लागले तिच्या. "उद्या येते मी," ती म्हणाली.

"महिना व्हाचा आहे न अजून? अन् उद्या हुकला तं?"

"हुकला तं हुकला. तू खड्डे खोदत फिरते, अन् मी काय घरी बसू?"

शनिवारी आईले चौतीस नंबरचा बिल्ला भेटला. मी तिले बाकावर बसवलं अन् पहिले व्हरांड्याच्या मधात उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "बुधवारी मी नत्थूजींवर आळ घेतला तो खोटा होता. चूक माझी होती." देवाजी म्हातारा पुन्हा आला होता, त्याची मान हलली. कृष्णकांतजी खुर्ची टाकून बसले. डॉक्टरनं बटण दाबलं, एक.

दहा वाजून पाच मिनिटांनी कूलर सुरू झाला तेव्हा बोर्डावर बावीस होता.  बावीस बावीसच राहिला. घंटी वाजली, तेवीस. पुन्हा वाजली, चोवीस. 

तेहतीस नंबर आत असताना एक जाडजूड गृहस्थ आले, ओमप्रकाशजी म्हणून, हातात चिठ्ठी. कृष्णकांतजी खुर्चीतून उठले, चिठ्ठी वाचली अन् हळूच म्हणाले, "नत्थू, यांचं आधी करून घे. ट्रस्टींचे पाहुणे आहेत."

घंटी वाजली. बोर्डावर चौतीस.

मी दारापासून दोन हातांवर होती. माझ्या तोंडापर्यंत शिव्या आल्या होत्या. पण नत्थूजी माझ्या पहिले उभे झाले. "साहेब, त्यांना खिडकीत बिल्ला घेऊ द्या."

"नत्थू!"

"साहेब, तुम्हीच म्हटलं होतं न, एकही आकडा गळाले नाही पाहिजे? आता गळला तं तो बोर्डानं गाळला असं मी नाही म्हणणार."

ते हळू बोलले होते, पण सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं. "बराबर आहे!" देवाजी ओरडला. "पहिले चौतीस!" कृष्णकांतजींनी लोकांकडं पाहिलं, बोर्डाकडं पाहिलं, अन् चिठ्ठी घडी करून खिशात टाकली. नत्थूजी वळले अन् पूर्वीच्याच त्या आवाजात त्यांनी पुकारलं, "चौतीस नंबर!"

आई उठली नाही. बिल्ला मुठीत धरून बोर्डाकडं तोंड करून बसली होती. "लाल दिसून राहिलं," ती म्हणाली. "आकडा नाही समजत. चौतीसच आहे काय?"

नत्थूजी तिच्याजवळ गेले. त्यांनी तिच्या मुठीतला बिल्ला वाकून पाहिला अन् मंग माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी तिचं कोपर धरलं. "चौतीसच आहे जी. चला."

"नाव नाही सांगा लागत?"

"नाही जी."

डॉक्टरनं तिले चांगली वीस मिनिटं तपासलं. काचबिंदूच, पण या वेळी वेळेवर आली होती. थेंब लिहून दिले, बुधवारी ऑपरेशन ठरवलं. डोळा वाचन म्हणाला. मी बाहेर येऊन रांजणाजवळ उभी राहून ढसाढसा रडली, अन् लोकांले वाटलं माझंच काही दुखते. बोर्ड बेचाळीसपर्यंत गेला. एकही आकडा गळला नाही. कृष्णकांतजींनी सही केली.

आम्ही रिक्षानं घरी निघालो. इंदोऱ्याच्या चौकाजवळ आल्यावर आई म्हणाली, "तो हात धरणारा तोच न वं?"

"कोण?"

"मले फसवू नको. डोळा गेला, कान नाही गेले माझे. तीन दिवस तो आवाज ऐकला मी. सगळ्यांचे नावं घेतले त्यानं, माझं तेवढं नाही घेतलं."

 तिनं मूठ उघडली. बिल्ला तिथंच होता, घामानं ओला. डॉक्टरकडं द्याचा राहूनच गेला होता.

"आई, हा परत द्या लागते. सोमवारी चौतीसवाल्याले काय देईल सिस्टर?"

"दे न. पण खिडकीत नको देऊ," आई म्हणाली. "त्याच्या हातात दे. अन् माझं नाव सांगजो त्याले."

सोमवारी साडेसातच्या पहिलेच मी गेली. नत्थूजी रांजणातलं शिळं पाणी फरशीवर ओतून राहिले होते. मी बिल्ला दिला, अन् आईनं नाव सांगाले लावलं ते सांगितलं. त्यांनी बादली खाली ठेवली, बिल्ला शर्टाले पुसला, अन् दारात उभं राहून पुकारायचे तसं, पण हळू, ते नाव एकदा म्हटलं, "अंजनाबाई."